आधी अर्ज, मग बोभाटा

शोध, पेटंट आणि त्याची विक्री यांविषयी वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली खरी अडचण क्रमाची आहे. जे आधी करायचं ते राहून गेलं आणि जे शेवटी करायचं ते उत्साहाच्या भरात आधीच उरकलं, असं झालेलं दिसतं.

प्रश्न : उतारावर किंवा भुसभुशीत जमिनीत सायकल उभी केली की स्टँड घसरतो, नाहीतर रुततो. न घसरणाऱ्या स्टँडची कल्पना मला सुचली आहे. वस्तू अजून बनवलेली नाही. नुसत्या कल्पनेचं पेटंट मिळतं का? आणि ती एखाद्या सायकल कंपनीला थेट विकता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात गरज लिहिली आहे, शोध अजून लिहायचा आहे. न घसरणारा स्टँड सगळ्यांनाच हवा असतो. पेटंट मिळतं ते तो कसा घसरत नाही याला. दांडीच्या टोकाशी कलणारी चकती आहे का, वजन पडल्यावर ती जमिनीच्या कलाशी आपोआप जुळते की हाताने फिरवावी लागते, दांडी वर घेतली की चकती दुमडून कुठे बसते, चाकाला घासत कशी नाही, याची उत्तरं कागदावर उतरली की शोधाला आकार येतो. वस्तू प्रत्यक्ष बनवलेली असलीच पाहिजे अशी अट बहुतेक देशांत नाही. मात्र तुमचं वर्णन वाचून त्या धंद्यातल्या सर्वसाधारण जाणकाराला, तुम्हाला एकदाही न विचारता, ती बनवता आली पाहिजे.

परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी तपासतो. ही गोष्ट जगात कुठेही, कोणत्याही भाषेत आधी उघड झालेली नसावी, जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी, आणि ती उद्योगात बनवता किंवा वापरता यावी. पहिल्या चाळणीतून बरेच अर्ज सुटतात आणि दुसरीत अडकतात. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला कलणारे पाय असतातच. तेच उचलून सायकलला लावले, तर परीक्षक म्हणणार की दोन माहीत असलेल्या वस्तू एकत्र केल्या, यात विशेष काय? तिथे तुमच्याकडे उत्तर हवं : ट्रायपॉडचा पाय सायकलवर बसवला की अमुक कारणाने मोडतो किंवा मिटत नाही, आणि तो पेच अमुक युक्तीने सुटला. तुमचा शोध म्हणजे ती युक्ती. चकती तर आधीपासून आहेच.

कंपनीला नुसती कल्पना विकण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे असंच समजा. मोठ्या कंपन्यांकडे अशी पत्रं सतत येतात, आणि तीच कल्पना त्यांच्या आराखडा विभागात आधीच चालू असेल तर उद्या चोरीचा आळ येईल ही त्यांना भीती असते. म्हणून त्या आधी एका कागदावर सही घेतात : ‘तुम्ही दिलेली माहिती आम्ही गुप्त ठेवण्यास बांधील नाही, तुमचा हक्क फक्त पेटंटपुरता.’ अर्ज नसताना त्यावर सही केली, तर हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी एका प्रदर्शनात मी माझं यंत्र चालवून दाखवलं आणि त्याचा व्हिडिओही टाकला. प्रतिसाद छान मिळाला म्हणून आता पेटंट करायचं म्हणतो. उशीर झाला का?

उत्तर : काही देशांपुरता झाला, काहींपुरता नाही. स्वतः केलेलं प्रदर्शनही नावीन्य मारतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. तुमचाच व्हिडिओ तुमच्याच अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो.

अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया इथे शोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला १२ महिन्यांची सवलत आहे. जपानमध्ये ती आपोआप लागू होत नाही, अर्जाबरोबर मागावी लागते. युरोपीय पेटंटच्या बाबतीत नियम कडक आहे : तिथे सवलत फक्त दोन प्रसंगांत, आणि तीही सहाच महिन्यांची. कुणी विश्वासघात करून माहिती फोडली तर, किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात वस्तू मांडली तर. असं प्रदर्शन क्वचितच असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. भारतात सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या गोष्टींनाच १२ महिने मिळतात. साधा मेळावा किंवा व्हिडिओ त्यात बसत नाही. एक आडवाट सांगून ठेवतो. जर्मनीत ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा धाकटा हक्क आहे, जास्तीत जास्त १० वर्षांचा, आणि त्याला सहा महिन्यांची सवलत आहे. चार महिने झाले असतील तर तुमच्यासाठी ते दार अजून उघडं आहे.

आता व्हिडिओ काढून टाकून उपयोग नाही. तो दिसला, प्रती निघाल्या असतील, तारीख नोंदली गेली. त्यापेक्षा हा आठवडा एका कामाला द्या. व्हिडिओत नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही याची यादी करा. यंत्राचं झाकण बंद असेल आणि आतली रचना बाहेरून कळत नसेल, तर ती रचना अजून नवी मानली जाण्याची शक्यता आहे. मात्र त्या प्रदर्शनात यंत्र विकलं असेल आणि घेणाऱ्याला ते उघडून पाहता येत असेल, तर आतलंही उघड झालं. प्रदर्शनानंतर केलेल्या सुधारणांवर अर्ज करता येतो, पण त्या सुधारणा तुमच्याच व्हिडिओवरून सहज सुचण्यासारख्या नसाव्यात.

प्रश्न : पूर्वी कुणी हेच केलं आहे का, हे वकिलाकडे जाण्याआधी स्वतः शोधता येतं का? मी दुकानांत पाहिलं, कुठेही दिसलं नाही.

उत्तर : पेटंट झालेल्या पुष्कळ वस्तू कधी बाजारात आलेल्याच नसतात. त्यामुळे दुकानात दिसलं नाही, याचा अर्थ नवं आहे असा होत नाही. शोध घ्यायचा तो पेटंटच्या दप्तरात, आणि ते सगळं फुकट खुलं आहे : युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स. दोन-तीन संध्याकाळी बसलात तर चांगला अंदाज येतो.

पद्धत अशी. आधी तुमच्या वस्तूचं कार्य आणि भाग यांची वेगवेगळी नावं लिहा. पेटंटच्या भाषेत स्टँडला कुणी आधार म्हणेल, कुणी टेकू, कुणी पार्किंग यंत्रणा. इंग्रजीत त्याची चार-पाच नावं सहज निघतात. या शब्दांनी शोधून जवळची वाटणारी तीन-चार पेटंट काढा. मग शब्द सोडून द्या आणि त्या पेटंटांवरचा वर्गक्रमांक घ्या. सायकल उभी करण्याची साधनं ‘बी६२एच’ (B62H) या वर्गात येतात. वर्गाने शोधलं की जपानी किंवा जर्मन दस्तही हाती लागतात, जे शब्दांनी कधीच सापडले नसते. त्यानंतर प्रत्येक जवळच्या पेटंटमध्ये त्याने कुणाचा हवाला दिला आणि पुढे कुणी त्याचा हवाला दिला, अशा दोन्ही दिशांनी जा. पाचव्या-सहाव्या दस्तापासून तीच नावं फिरून येऊ लागली की समजावं, तळ आला.

वाचताना दोन वेगळे प्रश्न मनात ठेवा. ‘माझं नवं आहे का?’ यासाठी जुन्या पेटंटमधलं सगळं वर्णन आणि आकृत्या पाहायच्या, पेटंट मेलेलं असलं तरी. ‘मला हे बनवून विकता येईल का?’ यासाठी फक्त जिवंत, म्हणजे अजून चालू असलेल्या पेटंटचे दावे (हक्क नेमका कशावर आहे ते सांगणारी वाक्यं) पाहायचे, आणि तेही ज्या देशात विकायचं तिथले. दुसऱ्या प्रश्नाकडे हमखास दुर्लक्ष होतं. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं. वस्तू बनवण्याची मोकळीक देत नाही. तुमची सुधारणा दुसऱ्याच्या जिवंत पेटंटवर उभी असेल, तर दोघंही एकमेकांना अडवू शकता.

अर्ज साधारण १८ महिने गुप्त राहतात. म्हणजे गेल्या दीड वर्षात कुणी काय भरलं ते कुणालाच दिसत नाही. कितीही शोधलं तरी ही फट राहतेच.

प्रश्न : आराखडा पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. पाकीट फोडलेलं नाही. हे संरक्षण पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क, हाच नियम आता जवळजवळ सगळीकडे आहे. अमेरिकेत ‘आधी शोध कुणी लावला’ हे पाहण्याची जुनी पद्धत होती, तीही १६ मार्च २०१३ पासून बंद झाली. पाकिटावरच्या शिक्क्याने फार तर एवढं कळेल की त्या दिवशी काहीतरी टपालात पडलं. तारीखवार, पानांना क्रमांक घातलेली वही मात्र जरूर ठेवा. कल्पना कुणाची, भागीदाराची की नोकरीच्या वेळेत सुचलेली, हा वाद उठला तर ती कामी येते.

प्रश्न : प्रोव्हिजनल अर्ज म्हणजे एक-दोन पानांत कल्पना लिहून जागा राखून ठेवणं, असं ऐकलं. मग सविस्तर लिहिण्याची घाई कशाला?

उत्तर : या समजुतीपायी बुडालेले अर्ज पुष्कळ आहेत. ज्या देशांत प्रोव्हिजनल अर्जाची सोय आहे, तिथे तो भरल्यावर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, आणि तारीख मिळते ती फक्त प्रोव्हिजनलमध्ये जे खरोखर लिहिलं होतं तेवढ्यालाच. समजा, पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनी जानेवारीत लिहिलं, ‘दांडीच्या टोकाला स्प्रिंग लावलेली गोल चकती.’ मार्चमध्ये स्प्रिंग गंजते म्हणून त्यांनी रबराचा सांधा वापरला आणि मे महिन्यात तो स्टँड लोकांना दाखवला. डिसेंबरच्या पूर्ण अर्जात रबराचा सांधा लिहिला, तर त्याला तारीख मिळेल डिसेंबरची. मे मधलं प्रदर्शन त्याच्या आधीचं. स्वतःच्या प्रदर्शनाला जिथे सवलत नाही तिथे, जे प्रत्यक्ष विकायचं आहे, त्याचाच हक्क गेला. अशा वेळी सुधारणा झाली की दाखवण्याच्या आधी दुसरा प्रोव्हिजनल भरावा आणि शेवटी दोन्ही एकत्र करावेत. वर्ष मोजायचं ते पहिल्याच्या तारखेपासून.

म्हणून प्रोव्हिजनललाही पूर्ण अर्जासारखंच लिहावं. आकृत्या हाताने काढल्या तरी चालतील, पण प्रत्येक भागाला क्रमांक हवा आणि मजकुरात तोच क्रमांक, तेच नाव शेवटपर्यंत. एकदा ‘चकती’ म्हटल्यावर पुढे ‘तबकडी’ म्हणू नका. वाचणाऱ्याला ते दोन भाग वाटतील. प्रत्येक भागाला पर्याय लिहा : स्प्रिंग, रबर, चुंबक, नुसतं वजन. मापं एका आकड्यात देऊ नका, पट्ट्यात द्या आणि त्या पट्ट्यात तुमच्या पसंतीचा आकडाही द्या. चकती २५ अंश कलते असं लिहिलं तर ३० अंशांवाला सुटतो. ‘१० ते ४५ अंश, विशेषतः २० ते ३०’ असं लिहिलं तर पुढे माघार घ्यायला पायऱ्या राहतात. काय करून पाहिलं आणि ते का फसलं, हेही नोंदवून ठेवा. सहज सुचण्यासारखं नव्हतं, हे पटवताना त्या फसलेल्या प्रयोगांचा उपयोग होतो.

खरी किंमत दाव्यांची. दावा म्हणजे शेताची बांधबंदिस्ती. बाकी वर्णन कितीही सुंदर असलं तरी मालकी बांधाच्या आतलीच. आणि इथे उलटं गणित आहे : दाव्यात जितके जास्त भाग, तितकी राखलेली जागा कमी, कारण उल्लंघन सिद्ध व्हायला समोरच्याच्या वस्तूत दाव्यातला प्रत्येक भाग असावा लागतो. स्टँडचा मुख्य दावा साधारण असा व्हावा : ‘सायकलचा स्टँड, ज्यात चौकटीला सांध्याने जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाशी कलू शकणारा टेकणारा भाग, आणि दांडी वर घेताना तो भाग दांडीशी समांतर आणून ठेवणारी यंत्रणा यांचा समावेश आहे.’ यात गोल चकती नाही, स्प्रिंग नाही, लोखंड नाही. ते पुढच्या, अवलंबून असलेल्या दाव्यांत येतं : ‘दावा १ मधला स्टँड, ज्यात ती यंत्रणा म्हणजे स्प्रिंग आहे.’ परीक्षकाने पहिला दावा पाडला, तर दुसऱ्यावर उभं राहता येतं. ‘यांचा समावेश आहे’ हे शब्दही मुद्दाम आहेत. ‘फक्त यांचा बनलेला’ असं लिहिलं, की चौथा भाग जोडणारा मोकळा.

वर्णन स्वतः लिहा, दावे मात्र पेटंट एजंटकडून लिहून घ्या. पैसे वाचवायचेच तर आकृत्यांत वाचवा.

प्रश्न : जगभरचं एकच पेटंट काढता येतं का?

उत्तर : असं पेटंट अस्तित्वात नाही. हक्क देशोदेशीचा वेगळा, आणि तो अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षांचा, वार्षिक शुल्क भरत राहिलात तर. एकत्र करता येतो तो अर्ज. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज केला, तर पहिलीच तारीख धरली जाते. डिझाइन (वस्तूचं बाह्य रूप) आणि ट्रेडमार्कसाठी ही मुदत सहाच महिन्यांची आहे आणि ती हमखास हुकते. दुसरी वाट पेटंट सहकार्य कराराची, म्हणजे पीसीटीची. करार १९७० चा, १९७८ पासून चालू, आज दीडशेहून जास्त देश त्यात आहेत. त्या १२ महिन्यांच्या आत एक आंतरराष्ट्रीय अर्ज भरायचा. शोध अहवाल येतो, १८ व्या महिन्यात अर्ज प्रसिद्ध होतो, आणि पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांत (युरोपीय कार्यालय आणि भारत यांच्यासाठी ३१) कुठल्या देशांत जायचं ते ठरवायचं. खर्चाचा डोंगर, म्हणजे भाषांतरं, स्थानिक वकील, शुल्क, तिथे सुरू होतो. पीसीटीने मिळतो तो मुख्यतः वेळ, आणि त्या वेळात ग्राहक शोधायचा असतो.

भारत, अमेरिका, चीन अशा काही देशांत, तिथल्या रहिवाशाने लावलेल्या किंवा तिथे लागलेल्या शोधाचा पहिला अर्ज थेट परदेशात करायला परवानगी लागते. ती न घेता भरलेला अर्ज मुळातच अडचणीत येतो.

प्रश्न : कल्पना माझी, पण नमुना एका फॅब्रिकेटर मित्राने बनवला. बनवताना त्याने एक खिटी सुचवली आणि तीमुळे यंत्र चालू लागलं. अर्जात त्याचं नाव घालावं का? नफ्यात निम्मं देण्याचं तोंडी ठरलं आहे.

उत्तर : ती खिटी एखाद्या दाव्यात आली, तर तो सहशोधक आहे आणि त्याचं नाव घालावंच लागतं. नुसतं तुमच्या आराखड्याबरहुकूम कापून, जोडून दिलं असतं तर गरज नव्हती. शोधक आणि मालक मात्र निराळे. त्याने आपला हक्क लेखी हस्तांतरित केला, तर शोधक दोघं आणि मालक तुम्ही एकटे, असं होऊ शकतं.

तोंडी निम्म्यावर राहू नका. संयुक्त मालकीचा कायदा देशागणिक उलटा होतो. अमेरिकेत दुसरं काही ठरलेलं नसेल, तर प्रत्येक सहमालक दुसऱ्याला न विचारता, त्याला छदामही न देता, वस्तू बनवण्या-विकण्याचा परवाना तिसऱ्याला विकू शकतो. ब्रिटन, भारत, जपान इथे परवाना द्यायला इतरांची संमती लागते, म्हणजे एकाने आडमुठेपणा केला की व्यवहार अडला. परवाना घेणारी कंपनी दोन्ही परिस्थितींत बिचकते. अर्ज एकाच्या नावावर ठेवावा आणि दुसऱ्याला उत्पन्नातला वाटा करारात लिहून द्यावा, हे आमच्या मते सर्वांत कमी कटकटीचं. पुढच्या वेळी नमुना बनवायला टाकण्यापूर्वीच कारागिराकडून दोन ओळी लिहून घ्या : गुप्तता, आणि कामात सुचलेल्या सुधारणा तुमच्या मालकीच्या. मैत्री असली तरी.

प्रश्न : कंपनी गुप्तता करारावर सही करायला नकार देते. मग दाखवायचं काय?

उत्तर : अर्ज भरलेला असेल तर दाखवा; नसेल तर परत या. अर्ज झाल्यावरही सगळं सांगायची गरज नसते. पहिल्या भेटीत वस्तू काय करते ते दाखवावं. ती कशी करते, कोणत्या मिश्रणाने, कोणत्या तापमानाला, हे सही झाल्यावर. दाव्यांचा मजकूर आणि अर्जाची तारीख तर पहिल्या भेटीत मुळीच देऊ नये; दुसऱ्याला दाव्याच्या कडेकडेने वाट काढायला ते पुरतं.

नमुना हातात देण्याबाबत एक जुना दाखला आहे. गंधक घालून, तापवून रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधणारे अमेरिकेचे चार्ल्स गुडइअर यांच्या रबराचे तुकडे इंग्लंडमध्ये रबराचे उत्पादक थॉमस हॅनकॉक यांच्या हाती पडले. त्यावर गंधकाची खूण होती. हॅनकॉक यांनी स्वतः प्रयोग करून प्रक्रिया बसवली आणि १८४३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला. गुडइअर काही आठवड्यांनी मागे पडले, आणि पुढे कोर्टातही हरले.

कंपनीला काय हवं असतं? एक पान. वस्तू कोणाची कोणती अडचण सोडवते, आज लोक त्यासाठी काय वापरतात, दर हजार नगांना बनवायला किती खर्च येतो, साचा किती किमतीचा, चाचणीत किती वेळा चालली आणि कितीदा मोडली, हक्काची स्थिती काय. दुकानातली किंमत बनवण्याच्या खर्चाच्या चार-पाच पट निघते, हा ढोबळ हिशेब आहे; तुमची वस्तू त्या किमतीला कुणी घेईल का, हे आधी स्वतःला विचारा. नमुने दोन असावेत, एक चालणारा आणि एक दिसायला तयार मालासारखा. दोन्ही गुण एकाच नमुन्यात आणण्याच्या नादात वर्ष जातं.

आणि पत्र पाठवायचं ते सर्वांत मोठ्या कंपनीला नव्हे. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला नव्या मालाची भूक जास्त असते.

प्रश्न : एकरकमी पैसे घ्यावेत की रॉयल्टी? कंपनी ‘विक्रीच्या ४ टक्के’ म्हणते आहे.

उत्तर : कशाच्या विक्रीच्या, हे आधी पाहा. वस्तू दुकानात १०० ला मिळते असं धरा. उत्पादक ती घाऊक व्यापाऱ्याला ५० ला देतो. रॉयल्टी बहुधा या ५० वर असते, म्हणजे नगामागे २. मग करारात ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या येते : वाहतूक, सूट, परत आलेला माल, जाहिरात वजा. या वजावटी २० टक्के झाल्या, तर ५० चे ४० झाले आणि २ चे १.६०. वर्षाला १०,००० नगांवर २०,००० ऐवजी १६,०००. टक्का न बदलता पाचवा हिस्सा गेला. म्हणून टक्क्यावर घासाघीस करण्याआधी वजावटींची यादी बंद करा. कर, वाहतूक आणि खरोखर परत आलेला माल एवढंच ठेवा. नाहीतर सरळ नगामागे ठरावीक रक्कम मागा, हिशेबात खोट काढायला जागाच राहत नाही.

टक्क्याहून मोलाचं कलम म्हणजे किमान हमी. सर्वाधिकार (म्हणजे परवाना फक्त त्यांनाच, दुसऱ्या कुणाला नाही) देऊन टाकले आणि कंपनीने वस्तू फडताळात ठेवली, तर ४ टक्के शून्याचे शून्य. कधीकधी आपल्या जुन्या मालाला स्पर्धा नको म्हणूनच परवाना घेतला जातो. कंपनीने स्वतः दिलेल्या विक्रीच्या अंदाजाच्या निम्म्यावरची रॉयल्टी दरवर्षी किमान मिळावी, ती न मिळाल्यास सर्वाधिकार संपावेत किंवा हक्क परत यावा, असं लिहून घ्या. अंदाज त्यांचाच असल्यामुळे नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. त्याखेरीज बाजारात आणण्याची शेवटची तारीख, हिशेबाच्या वह्या तपासण्याचा अधिकार, वार्षिक शुल्क कोण भरणार, नक्कल करणाऱ्यावर दावा कोण आणि कुणाच्या खर्चाने करणार, आणि तुम्ही पुढे केलेल्या सुधारणा आपोआप त्यांच्या होतात का, हे स्पष्ट असावं. शेवटचं कलम बारीक अक्षरात असतं.

रॉयल्टी किती काळ? अमेरिकेतला किंबल विरुद्ध मार्व्हल हा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. स्पायडरमॅनसारखी हातातून फेसाची जाळी उडवणाऱ्या खेळण्याचं पेटंट किंबल या शोधकाचं होतं. स्पायडरमॅनच्या मार्व्हल कंपनीशी झालेल्या तडजोडीत सुमारे पाच लाख डॉलर रोख आणि विक्रीवर ३ टक्के ठरले, मुदत न घालता. २०१० मध्ये पेटंट संपलं आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपलेल्या पेटंटवर रॉयल्टी मागता येत नाही. त्यातून मार्ग असा की पेटंट, डिझाइन, ट्रेडमार्क आणि तांत्रिक माहिती यांचे दर करारात वेगवेगळे लिहावेत. पेटंट गेल्यावर दर उतरतो, पण बाकीच्यांचा चालू राहतो.

एकरकमी घेणं नेहमीच चूक नाही. वस्तू हंगामी असेल, दोन-तीन वर्षांत जुनी होणारी असेल किंवा कंपनीच्या टिकण्याचीच शंका असेल, तर रोख बरी. पण वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं, तसं गरजेपोटी करू नका. आमची शिफारस सहसा मधली : साचा आणि अर्जाचा खर्च निघेल इतकी रक्कम आगाऊ, बाकी रॉयल्टी.

प्रश्न : ‘तुमचा शोध आम्ही कंपन्यांपर्यंत पोचवतो’ असं सांगणाऱ्या एका संस्थेने मोफत तपासणी करून ‘बाजारपेठ प्रचंड आहे’ असा अहवाल दिला आहे. आता आगाऊ शुल्क मागतात. भरावं का?

उत्तर : त्यांना लेखी विचारा : गेल्या पाच वर्षांत किती शोध तपासले, त्यांपैकी किती नाकारले, आणि किती ग्राहकांना तुमच्यामुळे भरलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे मिळाले? अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने हे आकडे करार करण्याआधी सांगणं अशा संस्थांना बंधनकारक केलं आहे. प्रश्न कुठेही विचारता येतात. आलेला प्रत्येक शोध ज्यांना उत्तम वाटतो, त्यांचा धंदा शोधकाच्या खिशावर चालतो. ज्यांना खरोखर विक्रीची खात्री आहे, ते मिळकतीतला वाटा मागतात.

याच जातीचा दुसरा प्रकार सांगतो. पीसीटी अर्ज प्रसिद्ध झाला की काही दिवसांत सरकारी वाटणाऱ्या कागदावर ‘नोंदणी शुल्क’ भरण्याची बिलं येतात. अर्जातली नावं आणि पत्ते खुले असल्याने ती पाठवणं सोपं आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटना अशा बिलांचे नमुने इशारा म्हणून प्रसिद्ध करते. आलेलं प्रत्येक बिल आधी एजंटला दाखवा.

प्रश्न : मी एक प्रकारचा चिकट लेप बनवतो. तयार लेपावरून कृती ओळखता येत नाही. पेटंट काढू का?

उत्तर : बहुधा नको. पेटंटमध्ये कृती जगाला सांगावी लागते आणि २० वर्षांनी ती सगळ्यांची होते. तयार मालावरून खरोखर ओळखता येत नसेल, तर गुपित म्हणून ठेवा. पण एखाद्या प्रयोगशाळेत लेप देऊन त्याचं विश्लेषण करवून घ्या, म्हणजे ‘ओळखता येत नाही’ हा तुमचा समज आहे की वस्तुस्थिती ते कळेल. गुपित ठेवायचं तर ते गुपितासारखं वागवावं लागतं : कृती एका जागी कुलपात, कामगारांना आपापल्या पायरीपुरतीच माहिती, कच्च्या मालाच्या डब्यांवर नावाऐवजी खुणा, प्रत्येकाशी लेखी करार. हे केलं नसेल, तर कोर्ट त्याला गुपित मानत नाही. आणि दुसऱ्या कुणी स्वतःच्या डोक्याने तीच कृती शोधली, तर त्याला अडवता येत नाही.

प्रश्न : पेटंट मिळालं आहे. बाजारात हुबेहूब नक्कल आली आहे. लगेच नोटीस पाठवू का?

उत्तर : आधी ती वस्तू पावती घेऊन विकत घ्या, दोन नग. एक तसाच बंद ठेवा, दुसरा उघडून तुमच्या मुख्य दाव्यातला एकेक भाग आणि त्या वस्तूतला एकेक भाग समोरासमोर लिहा. दाव्यातला एक जरी भाग तिच्यात नसेल, तर दिसायला कितीही सारखी असली तरी पेटंटचं उल्लंघन बहुधा नाही. तिथे डिझाइनची नोंदणी केलेली असेल तर ती कामी येईल. वार्षिक शुल्क थकलेलं नाही ना, तेही पाहा. भारत आणि ब्रिटनसह काही देशांत निराधार धमकीबद्दल उलट तुमच्यावरच दावा होऊ शकतो, म्हणून नोटीस वकिलामार्फतच जावी. समोरच्याची पहिली चाल तुमचं पेटंट रद्द करून घेण्याची असते, तेव्हा शोधाची जुनी टिपणं हाताशी ठेवा.

मोटारीच्या काचेवर थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरचे संशोधक रॉबर्ट कर्न्स यांनी फोर्डवर १९७८ मध्ये दावा लावला आणि १९९० मध्ये १ कोटी २ लाख डॉलरवर तडजोड झाली. बारा वर्षं. नक्कल करणाऱ्याचा माल चांगला खपत असेल, तर कोर्टाआधी त्याला परवाना देऊ करून पाहा. त्याच्याकडे साचा तयार आहे आणि गिऱ्हाईकही.